ईएसपी३२ आणि २.८ इंची टचस्क्रीन: पांढऱ्या स्क्रीनपासून भिंतीवरच्या पॅनेलपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलरचा ३८ पिनांचा बोर्ड आणि २.८ इंची रंगीत (टीएफटी) टच मॉड्यूल आणलं, व्हिडिओ बघून जंपर वायरी लावल्या, कोड टाकला, पण स्क्रीन नुसती पांढरी, टचचं तर नावच नको. शेवटी बनवायचंय ते गच्चीवरच्या टाकीची लेव्हल दाखवणारं आणि मोटार चालू-बंद करणारं भिंतीवरचं पॅनेल, तेही मराठीत. मॉड्यूल खराब निघालं का, बदलून घेऊ का?

नका बदलू. पांढरी स्क्रीन दिसतेय म्हणजे बॅकलाइट चालू आहे, म्हणजे निदान तिथपर्यंत पॉवर पोचतेय. या पॅनेलमधून चिपने काहीच सांगितलं नाही तर प्रकाश सरळ आरपार येतो आणि ते पांढरं दिसतं. मागची आयएलआय९३४१ ही कंट्रोलर चिप अजून झोपलेली आहे, तिला सुरुवातीच्या कमांड मिळालेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शंभरातल्या बहुतेक केसेस वायरिंगच्या, सोल्डरच्या नाहीतर पिन नंबर चुकीचे लिहिल्याच्या असतात, चिप खरंच गेलेली फार क्वचित सापडते. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सगळं एकदम जोडू नका. एक थर जोडा, तो चालतो हे मल्टिमीटरने नाहीतर डोळ्याने सिद्ध करा, मगच पुढचा. चौदा वायरी एकदम लावून कोड टाकला की बिघाड चौदा ठिकाणी शोधायला लागतो.

तर आता सगळ्या वायरी काढा आणि फक्त ईएसपी३२ यूएसबीला लावा. एलईडी ब्लिंकचा साधा कोड जातो का बघा. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला, मोबाईलबरोबर येणाऱ्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायरी नसतातच. मग बोर्डवर यूएसबीची चिप सीएच३४० आहे की सीपी२१०२ हे वाचून तिचा ड्रायव्हर टाका. कनेक्टिंग म्हणून नुसते टिंब टिंब येत राहिले तर बूट बटण दाबून धरायचं आणि अपलोड सुरू झालं की सोडायचं. आणखी एक, ३८ पिनांचा बोर्ड इतका रुंद असतो की एका ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खुपसायचा भोकांचा बोर्ड) बसवला तर एका बाजूला वायर खुपसायला भोकच उरत नाही, त्यामुळे दोन ब्रेडबोर्ड शेजारी शेजारी ठेवून मधोमध बसवा.

आता मॉड्यूल. लाल बोर्ड, एका बाजूला १४ पिना, दुसऱ्या बाजूला एसडी कार्डाच्या ४, असंच असणार तुमचं. मागच्या बाजूला जे१ असं लिहिलेले दोन छोटे पॅड शोधा. ते उघडे असतील तर बोर्डवरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर वापरात आहे आणि व्हीसीसीला ५ व्होल्ट द्यायला हरकत नाही. ते सोल्डरने जोडलेले असतील तर रेग्युलेटर बाजूला पडतो आणि व्हीसीसीला ३.३ च द्यायचं, ५ दिलं तर ते थेट चिपवर जातं. मीटर बीपवर ठेवून दोन्ही पॅडना टेकवा, बीप आला तर जोडलेले. पण लक्षात ठेवा, जे१ चा संबंध फक्त पॉवरशी आहे, सिग्नलच्या सगळ्या पिना कायम ३.३ व्होल्टच्याच. म्हणून हेच मॉड्यूल ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोला थेट जोडायचं नसतं, आणि तसंही उनोवर २ केबी रॅममध्ये टचस्क्रीनची मजा नाही. ईएसपी३२ स्वतः ३.३ वर चालतो म्हणून ही जोडी जमते.

जे१ उघडा असेल तर मी व्हीसीसी बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनवरून देतो, म्हणजे डिस्प्ले स्वतःच्या रेग्युलेटरवर चालतो आणि ईएसपीवरच्या रेग्युलेटरवर बोजा कमी येतो. वायफाय पाठवताना ईएसपी३२ क्षणभर २४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, वर बॅकलाइटही त्याच ३.३ वर असेल आणि केबल बारीक आणि लांब असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रिसेट होतो. सीरियल मॉनिटरवर (बोर्ड कॉम्प्युटरला जे लिहून पाठवतो ते दिसणारी खिडकी) ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, मेसेज दिसला की कोडमध्ये शोधू नका, पॉवरमध्ये शोधा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरॅडचा एक कॅपॅसिटर आणि मॉड्यूलच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरॅडचा एक सिरॅमिक टाकला की बरीच कटकट संपते.

पिना ठरवताना लोक व्हिडिओ बघून कुठल्याही घेतात आणि तिथे फसतात. ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. ०, २, ५, १२, १५ या बूट होताना वाचल्या जातात, त्यातली १२ तर चालू होताना हाय (३.३ व्होल्टवर; ० म्हणजे लो) राहिली तर फ्लॅशचं व्होल्टेजच चुकीचं निवडलं जातं आणि बोर्ड उठत नाही. ३४, ३५, ३६, ३९ फक्त इनपुट, त्यांच्यावर काही बाहेर पाठवता येत नाही. म्हणून माझी वाटणी अशी: क्लॉक १८, डेटा बाहेर जाणारा म्हणजे मोसी २३, आत येणारा मिसो १९, डिस्प्लेचा सीएस (कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवणारी पिन) २७, डीसी (पाठवलेलं कमांड आहे की डेटा हे सांगणारी पिन) २६, रिसेट २५. टचचा सीएस ३३, टचचा आयआरक्यू (स्पर्श झाल्याचं कळवणारी पिन) ३४. बॅकलाइटसाठी ३२ राखून ठेवा, पण सध्या एलईडी पिन सरळ ३.३ ला लावा.

आधी फक्त डिस्प्ले जोडायचा, टचला अजून हातच लावायचा नाही. व्हीसीसी, ग्राउंड, सीएस, रिसेट, डीसी, मोसी, क्लॉक, एलईडी, एवढ्या आठ वायरी. डिस्प्लेचा एसडीओ (त्याच्याकडून डेटा परत देणारी पिन) रिकामाच सोडा, स्क्रीनवरून पिक्सेल परत वाचायचे नसतील तर त्याची गरज नाही, आणि मोठ्या आयएलआय९४८८ च्या मॉड्यूलमध्ये ती लाइन सीएस हाय असतानाही सुटत नाही आणि टचची बोंब करते, त्यामुळे न जोडण्याची सवयच बरी.

आता पांढऱ्या स्क्रीनचा खरा शोध इथे लागतो. लायब्ररी (डिस्प्ले चालवायचा तयार कोड), फॉन्ट, सगळं विसरा. एक छोटा कोड लिहा जो १८, २३, २७, २६, २५ या पाच पिना आळीपाळीने दोन दोन सेकंद हाय आणि लो करतो, आणि कोणती पिन चालू आहे ते सीरियलवर लिहितो. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळं टोक मॉड्यूलच्या ग्राउंडला आणि लाल टोक मॉड्यूलच्या पिनच्या मागच्या बाजूला, जिथे पिन बोर्डला सोल्डर झालीय अगदी तिथे टेकवायचं, वायरीच्या टोकाला नाही. ० आणि ३.३ असं हलताना दिसलं पाहिजे. एखाद्या पिनवर काहीच हलत नसेल तर ती वायर आतून तुटलीय किंवा कनेक्टर ढिला आहे, दोन पिना एकदम हलत असतील तर शॉर्ट आहे, आणि सीरियल म्हणतंय २६ पण हलतेय रिसेट तर वायरी अदलाबदल झाल्यात. ऑसिलोस्कोप नको, काही नको, दहा मिनिटांत कळतं. नव्या जंपर वायरींवर विश्वास ठेवू नका, स्वस्तातल्या बंडलमध्ये दोन-चार तरी आतून कच्च्या निघतात.

बर्ग स्ट्रिप (मॉड्यूलच्या पिनांची पट्टी) तुम्हाला स्वतः सोल्डर करायला लागली असेल तर तिथेही बघा. पिन आणि पॅड दोन्ही एकदम तापवायचे, दोनेक सेकंद, मग वायर आयर्नच्या टोकाला न लावता जोडाला लावायची, ती स्वतःहून पसरली पाहिजे. चांगला जोड चकचकीत आणि पिनेभोवती उतरत्या कडांचा दिसतो, गोळा झालेला आणि मळकट दिसला तर तो ड्राय सोल्डर, वरून जोडलेला वाटतो पण आतून सुटा. ६०/४० ची वायर साधारण १९० अंशाला पूर्ण वितळते पण आयर्नचं टोक ३२० ते ३५० च्या आसपास हवं. साधा २५ वॅटचा आयर्नही चालतो फक्त टोक स्वच्छ आणि कल्हई केलेलं ठेवा. खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात धुवा, त्या वायरीत शिसं असतं.

वायरिंग सिद्ध झालं की मग लायब्ररी. टीएफटी ईएसपीआय घ्या, वेगवान आहे आणि उदाहरणं भरपूर आहेत. पण तिची पिनांची सेटिंग तुमच्या कोडमध्ये नसते, लायब्ररीच्या फोल्डरमधल्या यूजर सेटअप नावाच्या फाइलमध्ये असते, आणि वायरिंग बरोबर असूनही पांढरी स्क्रीन राहण्याचं दुसरं मोठं कारण हेच. तिथे ड्रायव्हरच्या ओळींपैकी फक्त आयएलआय९३४१ ची चालू ठेवा, बाकीच्यांसमोर कॉमेंटच्या दोन तिरप्या रेघा असल्या पाहिजेत, वरच्या सहा पिना लिहा आणि टचचा सीएस ३३ पण लिहून ठेवा. लायब्ररी अपडेट झाली की ही फाइल पुसली जाते, म्हणून तिची कॉपी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवाच. स्पीड सुरुवातीला १० मेगाहर्ट्झ ठेवा. चित्र आलं की २०, मग ४०. जंपर वायरींवर ४० ला रेघा नाहीतर रंगीत ठिपके दिसले तर वायरी आखूड करा किंवा खाली या, मॉड्यूलला दोष देऊ नका. लाल रंग निळा दिसला तर रंगांचा क्रम उलटा आहे, फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसलं तर इन्व्हर्जन उलटं आहे, दोन्हींसाठी त्याच फाइलमध्ये ओळी दिलेल्या आहेत.

वेगाचं गणित एकदा डोक्यात बसवा म्हणजे पुढे कोड लिहिताना उपयोग होतो. २४० गुणिले ३२० म्हणजे ७६,८०० पिक्सेल, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे पूर्ण स्क्रीन १,५३,६०० बाइट. ४० मेगाहर्ट्झला एवढं पाठवायला ३० मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त लागतं. म्हणून लूपमध्ये दर वेळी पूर्ण स्क्रीन काळी करून परत सगळं काढलं की डोळ्याला लुकलुक दिसते. जो आकडा बदलला तेवढाच चौकोन परत काढा, अक्षराला मागचा रंगही द्या म्हणजे जुना आकडा आपोआप झाकला जातो. पूर्ण स्क्रीनचा स्प्राइट, म्हणजे आधी मेमरीत काढून मग एकदम स्क्रीनवर टाकायचं चित्र, बनवायला जाऊ नका, ईएसपी३२ ला ५२० केबी रॅम असली तरी एका सलग तुकड्यात १५० केबी सहसा मिळत नाही. टाकीच्या चित्रापुरता छोटा स्प्राइट करा, भरपूर झाला.

आता टच. याची चिप वेगळी आहे, एक्सपीटी२०४६, आणि तिच्या पिनाही वेगळ्या, लोकांना वाटतं डिस्प्ले जोडला की टच आपोआप जोडला गेला, तसं नसतं. टचचा क्लॉक डिस्प्लेच्या क्लॉकबरोबर १८ वरच, टचचा डीआयएन मोसीबरोबर २३ वरच, डीओ १९ वर, सीएस ३३ वर. एकाच लाइनवर दोन चिपा आहेत आणि कोणाशी बोलायचं ते सीएस ठरवतो, ज्याचा सीएस लो तो ऐकतो. त्यामुळे कोड सुरू होताना दोन्ही सीएस आधी हाय करा, आणि झिरो पीसीबीवर (सोल्डर करायचा भोकांचा कोरा बोर्ड) पक्कं करताना दोन्ही सीएसना १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ कडे टाका, म्हणजे बूट होताना त्या हवेत लटकत नाहीत.

हा टच मोबाईलसारखा नाही, हा रेझिस्टिव्ह आहे. वर लवचीक थर, खाली काच, दोन्हींवर विजेला वाट देणारा पातळ लेप, दाबलं की दोन्ही थर टेकतात. चिप एका थराच्या दोन टोकांना व्होल्टेज देते आणि दुसऱ्या थरावरून टेकलेल्या जागेचं व्होल्टेज वाचते, मग उलट करते, त्यातून आडवा आणि उभा आकडा मिळतो. १२ बिटचं माप म्हणजे ० ते ४०९५, पण कडेला पूर्ण टोकाची मापं येत नाहीत, साधारण ३०० ते ३८०० च्या मध्ये कुठेतरी. पिक्सेलशी याचा थेट काही संबंध नाही म्हणून कॅलिब्रेशन लागतं. आधी कच्चे आकडे सीरियलवर छापा आणि पेनाच्या बोथट टोकाने चारही कोपरे दाबून बघा. एका दिशेला सरकवल्यावर एकच आकडा सलग बदलला पाहिजे. न दाबताच ० किंवा ४०९५ वर अडकला असेल तर डीओ किंवा सीएसची वायर बघा. आकडे उड्या मारत असतील तर टचचा क्लॉक २.५ मेगाहर्ट्झच्या वर गेलाय का बघा, या चिपला डिस्प्लेचा वेग झेपत नाही.

मग लायब्ररीतलं कॅलिब्रेशनचं उदाहरण चालवा, ते कोपऱ्यांत बाण दाखवतं आणि शेवटी पाच आकडे देतं. ते फ्लॅशमध्ये साठवा म्हणजे दर वेळी बाण दाबत बसायला नको. स्क्रीन ज्या दिशेने भिंतीवर लावणार त्याच रोटेशनमध्ये कॅलिब्रेट करा, नंतर रोटेशन बदललं की उजवीकडे दाबल्यावर डावं बटण लागतं. आणि बटणं मोठी ठेवा. स्क्रीनचा चालणारा भाग ४३.२ बाय ५७.६ मिलिमीटर आहे, म्हणजे एक पिक्सेल ०.१८ मिमी, बोटाने दाबायला निदान १० मिमी हवेत, म्हणजे ५५ पिक्सेलच्या खाली बटण नको.

मराठीबद्दल विचारलंत ते मला फार आवडलं, कारण घरातल्या आजींनाही ते पॅनेल वाचता आलं पाहिजे. इथे एक अडचण आहे. या लायब्ऱ्या अक्षरं एकामागून एक ठेवतात, देवनागरीची जुळवाजुळव त्यांना येत नाही. ‘स्थिती’ लिहिलंत तर जोडाक्षर सुटं होतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. एलव्हीजीएल ही बटणं-मेनूची लायब्ररी वापरलीत तरी नुसता देवनागरी फॉन्ट टाकून हे सुटत नाही. त्यावर सोपा आणि पक्का उपाय म्हणजे ‘टाकी’, ‘मोटार चालू’, ‘मोटार बंद’, ‘पाणी कमी’ असे ठरलेले शब्द कॉम्प्युटरवर चांगल्या फॉन्टमध्ये लिहून त्यांची एका रंगाची चित्रं करायची आणि ती कोडमध्ये ॲरे म्हणून टाकायची. १२० बाय ३० पिक्सेलचा एक शब्द फक्त ४५० बाइटचा होतो, पन्नास शब्द टाकले तरी फ्लॅशला जाणवत नाही. आणि ० ते ९ हे देवनागरी आकडे एकमेकांना जोडले जातच नाहीत, त्यामुळे त्यांचा वेगळा फॉन्ट करून लेव्हल थेट ‘७५’ अशी छापता येते. एवढ्यात तुमचं पूर्ण पॅनेल मराठी होतं.

बॅकलाइट रात्री कमी करायचा असेल तर एलईडी पिन ईएसपीच्या पिनवर थेट लावू नका, काही मॉड्यूलवर मध्ये ट्रान्झिस्टर असतो आणि काहींवर नसतो, आणि नसला तर करंट पिनच्या ताकदीबाहेर जातो. बीसी५५७ हा ट्रान्झिस्टर घ्या, एमिटर ३.३ ला, कलेक्टर एलईडी पिनला, बेसला १ किलोओहममधून ३२ नंबरची पिन. तो पीएनपी जातीचा असल्याने उलटं चालतं, ० दिलं की पूर्ण प्रकाश. पीडब्ल्यूएमचा, म्हणजे पिन झपाझप चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करण्याचा, जुना कोड अर्डुइनोमधल्या ईएसपी३२ कोअर पॅकेजच्या ३ नंबरच्या आवृत्तीवर कंपाइल होत नाही, तिथे दोन फंक्शनांच्या जागी एकच अटॅच फंक्शन आलंय.

बॉक्समध्ये बसवताना एका गोष्टीने पुष्कळ लोक हैराण होतात: टेबलावर उत्तम चाललेला टच भिंतीवर गेल्यावर आपोआप दाबला जातो. कारण खिडकी थोडी लहान कापली जाते आणि तिची कड टचच्या काठावर टेकते. खिडकी काठापासून मोकळी ठेवा, मॉड्यूल चार कोपऱ्यांच्या भोकांतून स्पेसरवर उभं करा आणि स्क्रू हलकेच आवळा.

हे सगळं वायरिंगच नको वाटत असेल तर ईएसपी३२, २.८ इंची स्क्रीन आणि टच एकाच बोर्डवर असलेला पिवळा बोर्डही मिळतो, पण त्यावर मोकळ्या पिना मोजक्याच, आणि टच वेगळ्या लाइनवर आहे म्हणून वरच्या सेटिंग तिथे जशाच्या तशा चालणार नाहीत. तुम्ही सुटे भाग आणलेच आहेत तर सुटे भागच जोडा, जास्त कळेल. काही कमी पडलं तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं सुटं मिळतं.

टाकीचा सेन्सर गच्चीवरून लांब वायरने खाली आणू नका. वर दुसरा छोटा ईएसपी३२ ठेवा आणि तो ईएसपी-नाऊवरून (दोन ईएसपींनी एकमेकांशी थेट वायरलेस बोलायची पद्धत) आकडा खाली पाठवू दे, राउटरची गरजही लागत नाही. अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर वापरणार असाल तर वॉटरप्रूफ वाला घ्या आणि तो पाण्याच्या भरलेल्या पातळीपासून निदान २५ सेंटिमीटर वर राहील असा लावा, त्याच्या आत त्याला माप घेता येत नाही. त्याच्या इको पिनचा सिग्नल ५ व्होल्टचा येतो, १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधूनच, म्हणजे व्होल्टेज कमी करूनच, ईएसपीला द्या.

आणि मोटार. रिले मॉड्यूलवरचा तो निळा १० अँपिअरचा रिले मोटारीला थेट लावू नका, मोटार सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचते आणि त्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, चिकटले की कोड काहीही म्हणो मोटार बंद होत नाही. छोट्या रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटारीसाठीचा मोठा, दणकट रिले) कॉइल चालवा आणि कॉन्टॅक्टरने मोटार. २३० व्होल्टचं हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पॅनेलला ५ व्होल्ट चांगल्या मोबाईल चार्जरमधून द्या, कॅपॅसिटरवर चालणारी बिनट्रान्सफॉर्मरची सप्लाय टचस्क्रीनला अजिबात नको, तिथे माणूस बोट लावतो. कोडमध्ये दोन अटी पहिल्या दिवसापासून घाला: गच्चीवरून एक मिनिट आकडा आला नाही तर मोटार बंद, आणि टाकी भरायला नेहमी लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ झाला तरी मोटार बंद. शेजारी एक साधा हाताचा स्विचही असू द्या, पॅनेल दुरुस्तीला काढलं तरी घरात पाणी चढलं पाहिजे.